सळया जागच्या जागी

"खांब कुठाय? कुक कर त्याला," मी म्हटलं, पण मिनूनं तोंड उघडलं नाही. ती खिडकीबाहेर नुसती बघत राहिली.

चमच्यातलं नाचणीचं सत्व गार व्हायला लागलं होतं. रोजचा आमचा खेळ साधा होता. खिडकीशी घोंगडीची घडी, घडीवर मी, माझ्या मांडीवर मिनू. गजांतून घरामागचा उतार दिसायचा. उतारावर माझ्या नवऱ्यानं, यशोधननं, मोजमापासाठी ठोकलेल्या पाच सळया, प्रत्येकीच्या डोक्याला लाल रंगवलेला पत्र्याचा तुकडा. आणि त्याच्या कितीतरी वर, उघड्या कातळावर, विजेचा एक खांब. आमच्या बैठकीतून तो खांब सगळ्यात वरच्या लाल पत्र्यामागं बरोबर झाकला जायचा. मान जराशी हलवली की दिसायचा, सरळ केली की गायब. "खांब कुठाय? कुक!" ती हसायची, चमचा आत जायचा. चौदा महिन्यांची ती पोर दुसऱ्या कुठल्या जागी, दुसऱ्या कुठल्या खेळानं जेवत नव्हती.

त्या सकाळी मी मान सरळ केली आणि खांब गेला नाही. पत्र्याच्या डाव्या कडेशी उघडा उभा.

"लपला ना गं?" मी तिला म्हटलं.

मिनूनं माझ्याकडं बघितलं, खांबाकडं बोट केलं आणि म्हणाली, "ना."

मी घोंगडी बघितली. कुणी सरकवली असेल. भिंतीला टेकवून पुन्हा घडी घातली, पुन्हा बसले. खांब तिथंच, उघडा. मग मला वाटलं, रोज मी अशीच बसत होते का? थोडी कलून तर बसत नव्हते? रोज करतो ती गोष्ट आपण नेमकी कशी करतो हे आठवायला गेलं की काहीच आठवत नाही, तसं झालं. सत्वावर साय धरली. मिनू उपाशीच खाली उतरली.

मिनू आता चौथीत आहे. तिला यातलं काही आठवत नाही. आम्ही तेव्हा कोयनेच्या खोऱ्यात, सळवडी नावाच्या वाडीत राहत होतो. यशोधन भूशास्त्राचा माणूस. भूकंप आणि पाऊस मिळून सह्याद्री किती वेगानं झिजवतात, असा त्याचा प्रकल्प होता आणि त्यासाठी अख्खा पावसाळा तिथं काढायचा होता. पावसाळाभर तो तिथं आणि मी लेकरू घेऊन पुण्यात, हे मला झेपणारं नव्हतं. म्हणून जूनमध्ये मीही सामान बांधलं. हौसाआत्यांच्या घराच्या दोन खोल्या आम्ही घेतल्या. आत्या साठीच्या, एकट्या; जोडीला मोरी, त्यांची गाभण म्हैस.

यशोधन घरी आल्यावर मी त्याला खिडकीशी बसवलं.

"दिसतोय खांब," तो म्हणाला.

"तेच तर. दिसायला नको."

"शाल्मली, खांब दिसायला नको?"

मी खेळ समजावून सांगितला. त्यानं शांतपणे ऐकलं. तो नेहमीच शांतपणे ऐकतो, आणि त्यामुळं आपण मूर्खासारखं बोलतोय असं वाटायला लागतं.

"पत्रा वाऱ्यानं फिरला असेल," तो म्हणाला. "नाहीतर खांब कलला असेल. नाहीतर तू वीतभर इकडं बसली असशील. रात्री किती वेळ झोपलीस?"

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. मिनू झाल्यापासून मी तिच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायची. पुण्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, तुम्ही काळजी जरा जास्त करता. आणि सळवडीत आल्यावर पहिल्याच आठवड्यात मला गॅसचा वास आला म्हणून मी आत्यांना, यशोधनला आणि शेजारच्या दोन घरांतल्या सगळ्यांना भर पावसात अंगणात काढलं होतं. पलंगाखाली आत्यांनी पिकायला ठेवलेला फणस निघाला. तेव्हापासून वाडीत मी 'फणसवाल्या ताई' होते.

"या आठवड्यात सळया मोजल्यास?" मी विचारलं.

"परवाच. इतका पाऊस झाला, पण केसभरसुद्धा माती गेलेली नाही. गवतानं घट्ट धरून ठेवलंय. घाबरायचंच असेल तर पलीकडच्या डोंगराला घाबर, आपल्या नाही."

 दुपारी मिनू झोपल्यावर मी खडूनं घोंगडीच्या चारी कडा जमिनीवर आखून ठेवल्या.

आत्या पडवीत सारवत होत्या. पडवीला एक भेग होती, ती त्या रोज शेणकाल्यानं बुजवायच्या.

"आत्या, ही भेग रोज पडते?"

"पावसाळ्यात पडतीच. जमीन फुगती, दार फुगतं, मान्सं बी फुगत्यात." त्यांनी हाताचा पंजा फिरवून भेग नाहीशी केली. "आन पोरीला खाली सोड की. पोरगी हाय का खापराचं भांडं? सदानकदा काखंला."

"खाली ओल आहे."

"ओलीतच उगवतंय समदं. दे हिकडं, मी धरते घडीभर."

"नको, झोप मोडेल तिची," मी म्हटलं. मिनू टक्क जागी होती. आत्यांनी ते बघितलं आणि पुन्हा शेणकाल्यात हात घातला. त्यांच्याकडंच काय, सासूबाईंकडंसुद्धा मी मिनूला कधी सोपवून उठले नव्हते. द्यावंसं वाटायचं, हात सुटायचे नाहीत.

"आत्या, भूकंपाचं तुम्हाला कसं कळतं? लहान असला तर?"

त्यांनी शेणाच्या हातानंच कोनाड्याकडं दाखवलं. कोनाड्यात एक पितळी पेला पालथा होता आणि त्याच्या बुडावर दुसरा पेला, उभा. सळवडीत घरोघरी असे पेले होते. जमीन तिथं अधूनमधून थरथरायचीच. प्रत्येक वेळी कोण उठणार?

"प्याला पडला तर भाईर पळायचं. न्हाय पडला तर हातातलं काम करायचं. माझ्या सासूनं शिकिवलेलं."

"आणि या पावसात पडलाय?"

"आजून तरी न्हाय. का वो, फनसाचा वास येतुया का?" असं म्हणून त्या इतक्या हसल्या की मलाही हसू आलं.

दुसऱ्या दिवशी खडूच्या चौकटीत घोंगडी, घोंगडीवर मी. खांब पत्र्यापासून आणखी सुटला होता. दोहोंच्या मधून आभाळाची एक पट्टी दिसत होती. मी डोळे मिटले, उघडले. मिनूला बाजूला ठेवून एकटीनं बसून बघितलं. खडू बघितला. खडूची रेघ तिथंच होती, म्हणजे जमीन तिथंच होती, म्हणजे मी तिथंच होते. मग हललं काय? खांब? खांब तर कातळात. पत्रा फिरला असता तर एक पत्रा फिरला असता. पाचही पत्रे एकमेकांच्या रांगेत जसेच्या तसे होते.

मग मला आणखी गोष्टी दिसायला लागल्या आणि त्यामुळं गोंधळ वाढलाच. विहिरीचं पाणी गढूळ वाटलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, पावसात गढूळच असतं. त्यांचे सासरे म्हणाले, गढूळ बरं, निवळ झालं की भ्यावं. ओढ्यापलीकडचे बाजीनाना म्हणाले, दोन्ही खोटं, झाडं बघावीत. मी झाडं बघितली. उतारावरची एक हेळ कललेली होती. पण ती कधीपासून कललेली होती? जूनमध्ये मी हेळीकडं बघितलं होतं का? मी फोनमधले फोटो उलटे उलटे चाळत गेले. सगळ्या फोटोंत मिनू. मागं डोंगर असेल तर धूसर.

संध्याकाळी मी यशोधनला म्हटलं, "आपण चार दिवस कराडला राहू या का?"

"कशासाठी?"

"मला भीती वाटतेय."

"कशाची, ते सांग. म्हणजे मला मोजता येईल." तो चिडला नव्हता, खरंच विचारत होता. मिनूला पाठीवर घेऊन तो खोलीत रांगत होता. "बघ, हा डोंगर म्हातारा आहे. हिमालयासारखा अजून वर येणारा पोरगेला डोंगर नाही. फार पूर्वी पश्चिमेकडची जमीन तुटून समुद्रात गेली, ही कड उचलली गेली, आणि तेव्हापासून पाऊस तिला कुरतडत कुरतडत पूर्वेकडं ढकलतोय. जमीन उचलणार, पाऊस खाणार, असं कोट्यवधी वर्षं चाललंय. इथला भूकंप दगड खिळखिळा करतो, पाऊस तो उचलून नेतो. दोघं मिळून वर्षाला किती खातात माहितीये? साधारण एका केसाच्या जाडीइतकं. केसाच्या!"

"सरासरी?"

"हो, सरासरी."

मी संख्याशास्त्र शिकलेली. लग्नाआधी कॉलेजात शिकवतही होते. सरासरी हा शब्द ऐकला की मला आत काहीतरी टोचतं.

"यशोधन, माझे केस बघितलेस?"

"काय झालं केसांना?"

"नऊ महिने एकसुद्धा गळला नव्हता. काय दाट झाले होते! आई दृष्ट काढायची. आणि मिनू चार महिन्यांची झाल्यावर न्हाणीत मूठ मूठ. पाणी तुंबलं होतं, तूच काढलेस. वर्षाची सरासरी काढलीस तर रोजचे थोडेच येतील."

तो रांगता रांगता थांबला. मिनूनं त्याच्या पाठीवर चापट्या मारल्या, चल म्हणून.

"उदाहरण चांगलं आहे," तो म्हणाला. "पण केस गळायच्या आधी काहीतरी दिसतं. इथं सळयांवर काहीच दिसत नाहीये. मला दिसलं असतं, शाल्मली. तेच तर माझं काम आहे."

आणि तो खरं बोलत होता. हेच मला कळेनासं झालं होतं. त्याच्या सळया त्यानं प्रामाणिकपणे मोजल्या होत्या. आत्यांचा पेला पडला नव्हता. डॉक्टरीणबाई बरोबर होत्या, फणस फणसच होता. सगळे बरोबर असतील तर उरले मी आणि मिनू, आणि मिनूला धड बोलता येत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्या खोलीचं दार उघडेना. मी आतून ओढलं, यशोधननं बाहेरून खांदा लावला. दार उघडलं तेव्हा वरच्या चौकटीतून मातीची बारीक धार माझ्या डोक्यावर पडली.

"फुगलंय," यशोधन म्हणाला.

"फुगलंय," आत्यापण म्हणाल्या, आणि पडवीची भेग सारवायला बसल्या. मी त्यांच्या हाताकडं बघत होते. परवा एका पंज्यात बुजली होती, आज त्यांनी दोनदा बादलीत हात घातला. आणि सारवून झाल्यावर पडवी पहिल्यासारखी गुळगुळीत, नवी.

पाऊस रात्रभर लागला होता, पण आता जरा उघडीप होती. यशोधन गमबूट घालून सळया मोजायला गेला. मी मिनूला घेऊन खिडकीशी बसले. तिला भरवायचं सोडून मी फक्त बघत होते. धुक्यातून यशोधन एका सळीवरून दुसरीवर जाताना दिसला. वाकला, पट्टी लावली, उठला. खांब धुक्यात होता. मग धुकं सरलं आणि खांब पत्र्यापासून इतका दूर उभा होता की तो आमचा खांब नसून दुसराच कुठला असावा असं मला क्षणभर वाटलं. मिनूनं त्याच्याकडं बघून टाटा केला.

यशोधन परत आला तो खुशीत. पडवीच्या कठड्यावर बसून गमबूट काढायला लागला.

"सांगितलं होतं ना? एक मिलिमीटरसुद्धा नाही. एवढा पाऊस होऊन! सळया जागच्या जागी."

"जागच्या जागी म्हणजे कुठं?"

"म्हणजे जिथं ठोकल्या तिथं."

"ते तुला कसं कळलं?"

"अगं, सळी जमिनीच्या वर किती दिसते ते मोजतो. माती वाहून गेली की जास्त उघडी पडते. सोपं आहे."

"सळी उभी कशात आहे?"

"मातीत."

"आणि माती सळीला घेऊनच निघाली असेल तर?"

तो एक पाय गमबुटातून अर्धा काढून तसाच राहिला.

"चार फूट खोल आहेत त्या," तो म्हणाला.

"सरकतंय ते सहा फुटांखालून सरकत असेल तर? सळी, माती, गवत, हेळ, सगळं एकदम? आपण, हे घर, ही खिडकी? मग मला सळया सळयांच्या जागी दिसणार, घोंगडी घोंगडीच्या जागी. फक्त खांब..."

मी हे बोलत होते तरी मला ते पुरतं समजलं होतं असं नाही. बोलता बोलता ते माझ्यासमोर उभं राहत होतं. यशोधननं पाय पुन्हा गमबुटात घातला. भिंतीला टांगलेला मोजायचा टेप घेतला आणि एक शब्द न बोलता वर गेला. मे महिन्यात त्यानं कातळावरच्या खांबापासून सगळ्यात वरच्या सळीपर्यंतचं अंतर याच टेपनं मोजून ठेवलं होतं. गवत वाढल्यावर सळी शोधायला सोपं जावं, एवढ्याचसाठी; तेव्हा टेप पुरला होता.

मी पडवीत मिनूला काखेत धरून उभी होते. तो वर पोचला. खांबाला टेप अडकवला, सळीकडं उतरत आला. मग थांबला. पुन्हा वर गेला, अडकवलेलं टोक बघितलं, पुन्हा उतरला. मग गुडघ्यावर बसून त्यानं गवतात हात घातला. त्यानंतर मी त्याला पळताना बघितलं. लग्नाआधी आणि नंतर, या माणसाला मी कधी पळताना बघितलं नव्हतं.

"टेप पुरत नाही," तो धापा टाकत म्हणाला. "अख्खा टेप संपला तरी सळी पुढंच राहते. आणि वर, खांबाच्या खाली, गवताखाली फट आहे. कोपरापर्यंत हात गेला माझा. शाल्मली, मी त्या दोन घरांत सांगतो. तू आत्यांना घेऊन साकवावरून शाळेकडं जा. आत्ता. काही घेऊ नकोस."

शाळा ओढ्यापलीकडं, कातळावर होती. मी गोठ्याकडं धावले. आत्या म्हशीच्या पोटाला हात लावून उभ्या होत्या.

"आत्या, चला. डोंगर येतोय."

"आज कसला वास आला?"

"आत्या, हसू नका. यशोधननं मोजलंय."

"सकाळी बी मोजलंच हुतं की सायबांनी. आदी बी मोजलं हुतं." त्या खरंच हसत नव्हत्या आता, पण हलतही नव्हत्या. "प्याला पडलाय का?"

"नाही."

"मग?"

"पेला घराबरोबर चाललाय, आत्या. घरच चाललंय. गाडीत बसल्यावर मांडीवरचा डबा पडतो का?"

त्यांनी माझ्याकडं निरखून बघितलं. मला वाटलं, पटलं. मग त्या म्हणाल्या, "आसंल. पर मोरी आज-उद्या व्याणार हाय. तिला सोडून मी जायची न्हाय. आन ह्या पावसात साकवावरनं तिला मी एकटी न्हेऊ शकत न्हाय. तू जा, पोरी. लेकरू हाय तुला."

ओढा पलीकडं गर्जत होता. वर यशोधनच्या हाका ऐकू येत होत्या, कुणीतरी कुत्र्याला शिव्या देत होतं. मी निघू शकत होते. आत्यांनीच सांगितलं होतं, जा म्हणून. मी दोन पावलं गेलेही. मग परत फिरले आणि मिनूला त्यांच्या छातीशी लावलं.

"धरा."

"अगं..."

"हिला शाळेत पोचवा. मोरीला मी आणते."

"तुला म्हशीचं काय कळतंय?"

"काही कळत नाही. पण तुम्ही इथं उभ्या राहिलात तर माझी पोरगीपण इथंच उभी राहणार. जा!"

मिनूनं भोकाड पसरलं. आत्यांचे हात आपोआप तिच्याभोवती आवळले गेले. त्यांनी एकदा म्हशीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, पदर मिनूच्या डोक्यावरून ओढला आणि निघाल्या. मिनूचा रडका आवाज साकवाकडं लांब लांब जात होता. माझे हात इतके हलके झाले की मला त्यांचं काय करायचं तेच कळेना.

दावं भिजून आवळलं होतं. गाठ सुटेना. मोरी फुरफुरत होती, डोळ्यांतलं पांढरं दाखवत होती. मी गाठीचा नाद सोडून खुंटीला धरलं, जोर लावायला म्हणून. आणि खुंटी वर आली. बाभळीची हातभर खुंटी, वर्षानुवर्षं ठोकलेली, मुळा उपटावा तशी. तिच्या भोकात पाणी होतं.

त्यानंतर मी म्हशीला ओढलं असं म्हणता येणार नाही. म्हैसच मला घेऊन गेली. दावं माझ्या मनगटाला गुंडाळलेलं आणि ती साकवावरून अशी गेली की जणू रोजचाच रस्ता.

शाळेच्या ओट्यावर सगळे होते. मी आधी मिनू बघितली. मग यशोधन. मग मागं वळले.

मला वाटलं होतं मोठा आवाज होईल. तसा तो झाला नाही. आधी जुनं लुगडं फाडावं तसा आवाज आला. मुळं तुटत होती, असं यशोधन नंतर म्हणाला. खांबाच्या खाली डोंगराला एक तपकिरी ओठ उघडला. मग उतार निघाला. धावत नव्हता, चालत होता. हेळ उभीच्या उभी खाली येत होती. सळया लाल डोकी वर काढून रांगेत येत होत्या. आणि आत्यांचं घर, कौलांसकट, पडवीसकट, चुलीचा धूर अजून वर जात असलेलं, कुणीतरी वाढलेलं ताट सरकवावं तसं पुढं निघालं. मागची भिंत बसली, कौलांची एक बाजू घसरून गेली, तरी घर चालत राहिलं. ओढ्याच्या अलीकडं, बाजीनानांच्या भाताच्या खाचरात आलं, जरा कललं आणि थांबलं.

 यशोधनचे ओठ हलत होते.

"काय?" मी विचारलं.

"हजारो वर्षांची झीज," तो म्हणाला. "आपल्या डोळ्यांसमोर." त्याच्या आवाजात आनंद होता का रडू, मला कळलं नाही. त्यालाही कळत नसावं.  मी त्याचे हात धरले.

बाजीनानांनी डोक्यावरचं इरलं मागं सारलं.

"आत्ये, घर माझ्या वावरात आलं की गं!"

"आलं तर आलं," आत्या म्हणाल्या. मिनू त्यांच्या खांद्यावर हुंदके देत झोपली होती. "सात वर्सं बांधावरनं भांडतुयास. घे, बांध बी संगं घेऊन आलीया."

आधी नाना हसले, मग आत्या, मग सगळा ओटा. हसता हसता आत्या खाली बसल्या, आणि मग बराच वेळ त्यांच्या खांद्यांकडं बघवत नव्हतं. मी मिनूला घ्यायला हात पुढं केले. "ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. मी राहू दिलं.

दुसऱ्या दिवशी तहसीलचे लोक आले, पंचनामा झाला, यशोधन त्यांना वर घेऊन गेला. मोरीला शाळेच्या पडवीतच रेडकू झालं. दुपारी मी भांडी विसळत होते, तेवढ्यात बाजीनानांची सून आली. मंगल तिचं नाव, तिला पाच महिन्यांचा मुलगा. तोपर्यंत आम्ही कधी बोललो नव्हतो.

"ताई, जरा आमच्याकडं येता का?"

"काय झालं?"

"तुमी या तर."

त्यांचं घर ओढ्याच्या वरच्या अंगाला, दुसऱ्या एका उताराच्या पायथ्याशी. तिनं मला आत नेलं, मागच्या खिडकीशी पाट मांडला आणि बोट दाखवलं.

"बगा."

"काय बघू?"

"डोंगर. तुमास्नी दिसतं म्हनं."

"मंगल, मला काही दिसत नाही. मी रोज एका जागी बसत होते, एवढंच."

"मग हितं बसा."

मी बसले. खिडकीबाहेर हिरवा उतार होता. तेरड्याची फुलं होती, एक पांढरी पाऊलवाट, वर धुकं. झाडं सरळ होती. का किंचित कललेली? पाऊलवाट मधेच तुटल्यासारखी वाटत होती, पण तिथं वळण असेल. माझ्याकडं खांब नव्हता, सळया नव्हत्या. हा डोंगर मी काल बघितलेला नव्हता, मग आज काय बदललं ते कशावरून सांगणार? मला आदल्या दिवशी सगळं कळलं होतं. इथं बसल्यावर त्यातलं काहीही कामाचं नव्हतं.

"दिसलं काय?" तिनं विचारलं.

"काही नाही."

"मंजी चांगलं का वाईट?"

मी तिच्याकडं बघितलं. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. आदल्या रात्री वाडीत कुणीच झोपलं नव्हतं, पण तिच्या डोळ्यांखालचं एका रात्रीचं नव्हतं. मूल तिच्या खांद्यावर होतं आणि तिचा एक हात त्याच्या पाठीवर होता, श्वास हाताला कळेल असा.

"मला खरंच माहीत नाही," मी म्हटलं.

ती मान हलवून तिथंच उभी राहिली. मी चांगलं म्हणाले असते तर तिनं ऐकलं असतं. वाईट म्हणाले असते तरीही.

"कधीपासून झोपली नाहीस?"

"हा झाल्यापास्नं," ती म्हणाली, आणि हे कधी कुणी विचारलंच नव्हतं अशी एकदम खाली बसली.

मी पाट खिडकीच्या आणखी जवळ ओढला. घरामागं एका मोठ्या दगडावर कुणाचं तरी धुणं वाळत पडलं होतं. त्याच्या वर, दूर कड्यावर, एक वठलेलं झाड उभं होतं. मी डोकं हलवून हलवून ते झाड दगडाच्या टोकाशी आणलं.

"तू पड जरा," मी तिला म्हटलं. "लेकरू दे माझ्याकडं. मी बसते इथं."